समुद्राला कधी जावे, यावरील सभेचे इतिवृत्त

सावळज, तालुका तासगाव. बेदाण्याची शेड.
रॅक रिकामे, बसायला उपडे क्रेट.
हजर अकरा. वैजयंता उशिरा आली, पण आली.
गटाची शिल्लक अठरा हजार सहाशे चाळीस.
विषय एकच : समुद्र.

"दिवाळीत जाऊ," शालन म्हणाली.
तिच्या जावेनं तिथंच हिशेब मांडला :
दिवाळीला बाग चाळीस दिवसांची,
डिपिंग कोण करणार, विरळणी कोण?
आणि त्या आठवड्यात एका खोलीचं भाडं
तिघींच्या हजेरीएवढं.

मग नाताळात.
धुकं. दावण्या.
मालक पहाटे तीनला ट्रॅक्टर काढतो फवारणीला,
त्याला चहा कोण देणार, तुझा समुद्र?

फेब्रुवारीचं नाव कुणी काढलंच नाही.
फेब्रुवारीत आपली द्राक्षं जातात समुद्राला.
जुबेदाचा थोरला कंटेनरबरोबर बंदरापर्यंत गेलेला,
तो सांगतो, आत गार असतं, माघातल्या पहाटेसारखं,
घडाला घड घासू देत नाहीत.
वर्षानुवर्षं आम्ही त्या पेट्या भरल्या,
झाकणं लावली, शिक्के मारले,
आणि हात धुऊन घरी आलो.

मार्च-एप्रिल बेदाणा, लगेच खरडछाटणी.
मे महिन्यात सगळी दुनिया तिथं
आणि सगळे पाहुणे इथं.
पावसाळ्यात पोलीसच पाटी लावतात,
पाण्याजवळ जाऊ नये.

तेव्हा शेवंता बोलली.
शेवंता सभेत बोलत नाही. हप्ता भरते,
रेघेवर सरळ सही करते, जाते.
तिचा मालक गलाईला होता, केरळात,
बावीस वर्षं भट्टीपुढं, दुसऱ्याच्या सोन्यात.
"त्येनं पत्रात लिवलं व्हतं,
समुद्र बघावा तर पावसात.
उनाचा त्यो समद्यांचा आस्तोय.
पावसात कुणी नस्तंय, मंग त्यो मोठ्यानं बोलतोय.
खोलीवर एकटं वाटत न्हाई."

बराच वेळ पत्रा तेवढा वाजत होता.

इंदूनं खतवाल्याचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.
भादव्याचा दुसरा पंधरवडा. पितरपाट.
लगीन नाही, वास्तुशांत नाही,
कुणी साधी चप्पल घेत नाही त्या दिवसांत,
खोल्या निम्म्या दरात,
पाऊस सरत आलेला, छाटणीला अवकाश.
"आणि म्हाळ?"

मग एकेकीनं आपल्या घरच्या तिथी सांगितल्या.
सासऱ्याची चतुर्थी. थोरल्या दिराची पंचमी.
भावजय नवमीची, अहेवपणी गेली.
मी पेन्सिलीनं फुल्या मारत गेले.
शेवंतानं तिथी सांगितली नाही.
दोनदा विचारलं.
"घे फुडं," म्हणाली.

शेवटी दोन चौकोन कोरे उरले, शेजारी शेजारी,
दशमी आणि एकादशी.
इतकी माणसं गेली आमची,
पण दोन दिवस मोकळे ठेवून गेली.

"एकादशीचा उपास, आन पितरपाटात मासं न्हाई चालत,"
वैजयंता कुरकुरली.
"तुमच्या वाटणीचं मी खाते," जुबेदा म्हणाली,
आणि सभा पहिल्यांदा हसली.

ठराव : चांगला हंगाम कोणता, हे ठरले नाही.
कुणालाच नको असलेला जो हंगाम, तो घ्यावा.
गाडी आंबा घाटानं. सोबत पिठलं-भाकरी नको,
एक दिवस तरी दुसऱ्याच्या हातचं खाऊ.
सूचक शालन. अनुमोदक जुबेदा मुलाणी.

आयत्या वेळचे विषय.
हौसाबाईंनी विचारलं,
"रातच्याला समुद्र बंद करत्यात का गं?"

कुणी हसलं नाही.
खरंच कुणाला माहीत नव्हतं.
मी लिहून घेतलं :
प्रश्न नोंदवला. तिथे जाऊन पाहावे.