सा म्बिली

पुठ्ठ्याचं घड्याळ मीच कापलं होतं,
काटे खिळ्याला सैल.
आठवर आणून विचारलं, किती वाजले?
किगोमाचा अख्खा वर्ग: सा म्बिली. दोन.

मी खोडलं. पुन्हा दोन.
तिसऱ्यांदा मागच्या बाकावरची म्वाजुमा उठली,
मला हाताला धरून दारात नेलं.
टेकडीमागून ऊन निघालं, एक तास गेला, एक.
तिनं बोट मिटलं.
आया वाळूवर डागा मासळी पसरून परतल्या, दोन.

म्हणजे इथे दिवस
मध्यरात्री, सगळे झोपलेले असताना
चोरासारखा बदलत नाही.

पोले, म्वालिमू, पोरं म्हणाली,
ठेच लागलेल्याला म्हणतात तसं.

संध्याकाळी बाबांचा फोन.
तिकडे किती वाजले गं?
सांगण्याआधी
मी खिडकीबाहेर पाहिलं.