विलंब माफीचा अर्ज

बाबा, हा अर्ज उशिराच येतोय.
तुम्हाला जाऊन झाली चार वर्षं, दोन महिने आणि काही दिवस.
ते 'काही' तुम्हाला चाललं नसतं.
"काही म्हणजे किती? कोर्टाला एकेका दिवसाचा खुलासा लागतो,"
म्हणत तुम्ही चष्मा कपाळावर सरकवायचात
आणि समोरची गोठिवलीची पारूबाई
बोटांची पेरं मोजू लागायची:
दोन दिवस ताप, एक दिवस दिराचं भांडण,
"न् चार दीस बोंबील सुकत व्हते बाला,
टाकून कशी येऊ?"
तुम्ही सगळं उतरवून घ्यायचात.
बोंबीलसुद्धा.

तर माझेही दिवस उतरवून घ्या.

पहिले तेरा घरात माणसं होती.
पुढचे कितीतरी तुमच्या कपाटापुढे,
लाल बासनं सोडण्यात.
वकीलपत्रांवरचे निळे अंगठे
खाडीच्या दमट हवेनं फुगलेले, पसरलेले,
जणू माणसं मेल्यावरही वाढत राहिली.
आणि सातबारे, ज्यांच्यावर आता सेक्टर उभे आहेत.
तुम्ही रिक्षावाल्याला शेवटपर्यंत सांगायचात,
"मोठ्या खारीत सोड, उंडीपाशी."
उंडी तोडून वीस वर्षं झाली होती.
तो मागे वळून माझ्याकडे बघायचा.

आईची वही सापडली, फीची.
'पारूबाई: कोलीम, अर्धा शेर. आशीर्वाद. बाकी काही नाही.'
'हसुराम गवते: निवट्या एक डबा. दहा रुपये परत दिले.'
मग तिचं अक्षर थांबतं.
उजवी बाजू गेली त्या वर्षापासून
तुम्ही ठाण्याच्या तारखा दुपारच्या मागायला लागलात,
कारण सकाळी तिची वेणी घालायची असायची.
वेणी वाईट यायची, बाबा.
सैल, आणि शेवटी फायलीला मारतात तशी गाठ.
ती तशीच दारात बसायची,
कुणी हसलं तर डाव्या हातानं वेणी पुढे घेऊन दाखवायची.

माझी एक तक्रार आहे, तीही जोडते.
माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही रबाळ्याच्या पोलीस ठाण्यात होतात.
गावदेवीच्या ओट्यावर अभ्यासाला बसणाऱ्या दोन पोरांनी
रस्त्याच्या खांबावरचा दिवा काढला होता.
तुम्ही पोरं सोडवलीत, दिवा परत केलात,
आणि रात्री आपल्या मीटरवरून ओट्यापर्यंत वायर ओढलीत.
माझे पेढे दुसऱ्या दिवशी आले.
बिल मात्र अजून आपल्याकडेच येतं.
मी भरते. कुरकुरत भरते, नोंद असावी.

आणि मसणाची वाट.
प्लॉटच्या कुंपणात गेलेली, अकरा वर्षं भांडून
तुम्ही परत आणलेली, नऊ फूट रुंद.
तुम्हाला तिच्यावरूनच नेलं.
मध्ये पाण्याच्या बाटल्यांचा टेम्पो उभा होता.
खांदेकरी थांबले, ड्रायव्हर सापडेना,
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
"वकीलसाहेब, पुढची तारीख पडली."
लोक रडता रडता हसले.
मीही हसले.
त्या हसण्याचा राग मला दोन वर्षं पुरला,
ते दिवस कृपया वगळू नयेत.

बाकीच्यांचा खुलासा माझ्याकडे नाही.
तुमचा काळा कोट धुतला, वाळवला, पुन्हा धुतला.
एवढंच.

सबब, विनंती की

इथवर लिहिलं आणि दार वाजलं.
पारूबाईची नात. मोबाईलवर नोटिशीचा फोटो.
मी म्हटलं, मी वकील नाही गं, बँकेत आहे.
म्हणाली, "माहितीये. बसू का जरा?"
बसली. तुमच्याच खुर्चीसमोर, टोकावर.
मी फोटो मोठा करून पाहिला.
"कधी आली?"
"झाले ना ताई, काही दिवस."

"काही म्हणजे किती?" मी म्हणाले,
आणि पेन शोधू लागले.