मेणाचे दात

फंजा मागे पडलं आणि काटा हलला.
आधी केसभर, मग बोटभर.
अठ्ठ्याण्णवची पजेरो, माझ्या आधी तिघांनी वापरलेली.
चढ लागला की तापते.

मागच्या सीटवर थर्माकोलचा खोका,
त्यात निझव्याच्या दवाखान्याकडे निघालेले दात:
दोन ब्रिज, एका दाढेचं टोपण,
आणि सालेम अल-रियामींची अख्खी कवळी, अजून मेणातच,
उद्या घालून बघायची, मग पक्की करायची.
मी दात बनवतो. रुवीत, खिडकी नसलेल्या खोलीत.
सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचं हसू माझ्या नखांत.

एसी बंद केला. काटा चढतोच आहे.
मग एकच उपाय उरतो, वेड्यासारखा:
बाहेर सेहेचाळीस असताना
हीटर पूर्ण लावायचा, पंखा चारवर,
इंजिनाचा ताप आपल्या अंगावर घ्यायचा.
घेतला.
चष्म्याची काडी कानाला चटकली.
काटा थांबला, लाल रेघेच्या तांदूळभर अलीकडे.
आणि तेव्हा मला खोका आठवला.

सुमाइलच्या सनैयात दुपारची अर्धी शटरं.
इस्माईल हमदुले, मूळचा बाणकोटचा,
बोनेट उघडून नुसता उभा राहिला.
माझा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला
तसं त्याने मनगटच धरलं.
"भाजलात तर दात कोण करील?"
पाऊण तास आम्ही काहीच केलं नाही.
त्याच्या मते तीही दुरुस्तीच.
काळा चहा, खजूर, वाळूत माखलेलं एक मांजर.

मी यादी म्हणून दाखवली:
झाकण बदललं, पट्टा नवा, रेडिएटर दोनदा धुतला,
वादी कबीरमधले सगळे म्हणतात हेड गॅस्केट गेलं.
"बघितला कुणी?"
त्याने डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवली, तेल बोटांत चोळलं.
काळं होतं, पण त्याचं ताक झालं नव्हतं.
गाडी चालू केली, बाटलीत बुडबुडे नाहीत.
मग वरचा होज धरला, मग खालचा:
वरचा चटका देणारा,
खालचा आजारी माणसाच्या तळव्यासारखा कोमट.
"पाणी रेडिएटरात जातच नाय."

तीन बोल्ट.
आत थर्मोस्टॅट नव्हता.
त्याची जागा होती, गोल, गंजाची कड असलेली.
त्या तिघांपैकी कुणीतरी एखाद्या जूनमध्ये
'गरम मुलूख, दार हवंय कशाला' म्हणून काढून फेकलेला.
"दार काढलं की पाणी आडवाट धरतं," हमदुले म्हणाला,
"इंजिनातून निघतं, बायपासनं परत इंजिनात.
फिरतंय खूप. थंड व्हायला जात नाय."
मी तिसरा खजूर उचलला.
का कोण जाणे, विकलेल्या चार सुट्ट्या आठवल्या.

नवा थर्मोस्टॅट त्याने आधी चहाच्या पातेल्यात सोडला.
उकळी यायच्या जरा आधी
पितळेचा ओठ हळूच उघडला.
"कळतंय त्याला," म्हणाला, आणि बसवला.
मग कूलंट, झाकण उघडंच, हीटर पुन्हा पूर्ण;
कोंडलेली हवा गुळण्या करत बाहेर पडेपर्यंत
तो बाटली हातात घेऊन उभा.

मी खोका उघडला.
रियामीसाहेबांचे पुढचे चार दात
डावीकडे कलले होते,
कुणीतरी हाक मारल्यासारखे.
"माझ्या चुलत्याचे असेच होते," हमदुले म्हणाला,
आणि न सांगता स्टोव्ह माझ्याकडे सरकवला.
मेणसुरी तापवून, बोनेटच्या सावलीत,
तीन दात मी परत उभे केले.
चौथा तसाच ठेवला.
साहेबांच्या जुन्या पासपोर्टच्या फोटोत तो तसाच आहे.

साडेनऊ रियाल. गाववाला म्हणून अर्धा रियालही सोडला नाही.
इझकीच्या चढावर काटा मधोमध होता.
मी रस्त्यापेक्षा त्याच्याकडेच पाहत होतो,
अजून विश्वास बसत नव्हता.