प्रश्न सतरावा

दारूखान्यात, अर्ध्या कापलेल्या जहाजाच्या सावलीत
मी प्रश्नावली उघडते.
सतरावा: धोका दिसला तर
तुम्ही काम थांबवू शकता का?
नेहमी. कधीकधी. कधीच नाही.

मुस्तकीम गॅसकटर बाजूला ठेवतो,
चष्म्याची काच लुंगीला पुसतो.
“थांबवलं होतं एकदा.
टाकीत वास मारत होता.
मुकादम म्हणाला, बस मग.
तीन दिवस बसलो.
टाकीत हरखू उतरला.”

फाटकावर फळा: अपघाताविना दिवस ४१२.
खडूचा आकडा रोज सकाळी
मुस्तकीमच बदलतो.

“आणि हरखूच्या दिवशी?”

“त्याचं नाव रजिस्टरात नव्हतं, मॅडम.
मी एक वाढवला.”

माझं पेन ‘कधीकधी’वर अडतं.
तो वाकून बघतो,
“कुठलंही चालेल,” म्हणतो,
“सुट्टी संपली जेवणाची.”