एकशे बारा डबे

डिसेंबर गेला, जानेवारी गेला,
आणि मिशिगनच्या पार वरच्या टोकाला
आमचं तळं यंदा गोठलंच नाही.
करडं पाणी नुसतं हलत राहिलं,
काही ठरत नसलेल्या माणसासारखं.

मी काठावरच्या खोपटाचा राखणदार.
स्केट्सचे चौसष्ट जोड भाड्याने देतो, पाती घासून,
आणि खिडकीतून विकतो गरम चॉकलेट.
पूड ऑगस्टमध्येच मागवून ठेवलेली, सवयीने,
गेल्या सालची वही समोर ठेवून:
एकशे बारा डबे.
वही खोटं बोलत नाही.
पण वहीला हवा कळत नाही.

फेब्रुवारीत बर्फाऐवजी पाऊस आला.
"दगड व्हायच्या आत संपवा,"
लेम्पी कार्व्होनेन म्हणाली,
आणि पहिला डबा काखोटीला मारून गेली.
रिकामा परत आणायचा, एवढीच माझी अट.
हिशोब नको का लागायला?

तिने पूड राईच्या पिठात मळली.
पाव काळाकुट्ट निघाला, किंचित कडू;
लोणी फासल्यावर कुणी कुरकुरलं नाही.
व्हर्नर हिर्वेलाने हरणाच्या रश्श्यात चार चमचे टाकले,
मिरचीच्या जोडीला,
आणि आमच्या तीन-तीन वाट्या झाल्यावर सांगितलं.
बायकोने त्याच्याशी अबोला धरला,
तो चौथ्या दिवशी सुटला, रस्सा मागायला.

शाळेतल्या ओडेटबाईंनी ती पाण्यात कालवून
मुलांना रंग म्हणून दिली.
सगळ्यांनी तळंच काढलं.
तपकिरी बर्फ, तपकिरी आभाळ,
तपकिरी माणसं हात पसरून घसरताना.
दुसऱ्या दिवशी एका चित्राचा कोपरा चाटलेला होता.
चाटणारा कोण ते मला ठाऊक आहे.
सांगणार नाही.

कुणी साबणात घातली. ती चूक होती.
कुणी भाजलेल्या केळ्यावर भुरभुरवली,
कुणी लापशीत, कुणी नुसती, चमच्याने, उभ्या-उभ्या, रात्री दोन वाजता.
चिमूटभर मीठ पडल्याशिवाय ही पूड तोंड उघडत नाही
हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं.

कुत्र्यांना देऊ नका, अशी पाटी मीच दाराला लावली.
त्यांना ते विष.
हिर्वेलाची म्हातारी कुत्री पाटीखाली बसून राही,
वाचता येत असल्यासारखी रुसून.

आणि एक झालं.
ज्यांच्याशी आजवर फक्त पायाच्या मापाने बोललो
त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो या हिवाळ्यात,
चव बघायला म्हणून.
नऊ नंबरचे गुडघे दुखतात, ती जिना उलटा उतरते.
साडेदहाचा मुलगा अलास्कात आहे.
फोन करत नाही.
साडेदहा तरीही ओट्यावर दोन कप मांडतो.

मार्चच्या अकरा तारखेला, रात्री,
तळं गोठलं.
बोटभर. मांजर पेललं असतं, माणूस नाही.
सकाळी राहणार नव्हतं, तेही दिसत होतं.
तरी दिवे लागले, लोक आले,
झोपेच्या कपड्यांवर कोट चढवून,
आणि काठावर उभे राहिले.
मधूनच बर्फ कण्हायचा.
कुणी पाय पुढे टाकला नाही.

"गरम काही आहे का?" साडेदहाने विचारलं.
मी फळीकडे पाहिलं.
एकशे बारा डबे, रांगेत, रिकामे.
किती डोकं लढवून
आम्ही एकही उरू दिला नव्हता.

मग पाणी उकळलं.
पहिल्या डब्यात ओतलं, खळखळवलं,
ते दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात,
कडेला चिकटलेलं बोटाने सोडवत.
पाणी निवे, परत तापवी.
एकशे बारा डबे विसळायला तास गेला,
आणि कुणी घरी गेलं नाही.

निघालं ते फिकट, धुरासारखं, पत्र्याच्या वासाचं.
सगळ्यांना दोन-दोन घोट आलं.
नऊ नंबरने ओठ पुसले,
तळ्याकडे बघत म्हणाली,
यंदाचं बरं झालंय.