मातीचा नमुना

उमदीच्या पुढच्या फाट्यावर एसटी मला टाकून वळते
तेव्हा पावणेआठ झालेले असतात.
हातात खुरपं, घमेलं, बारा प्लास्टिकच्या पिशव्या
आणि संस्थेनं दिलेली टोपी, जी मी घालत नाही.

जिल्हा माझाच. पाटीवर सांगलीच लिहिलंय.
पण इथं पोरं शेळ्यांवर ओरडतात ती कानडीत,
शेळ्यांना कळतं, मला नाही.
पहिल्या आठवड्यात चार गोष्टी शिकले:
मण्णु, नीरु, साकु, ऊटा आयता.
माती, पाणी, पुरे, जेवलीस का.
तेवढ्यावर दिवस निघतो.

मावसभाऊ मलावीत आहे, हेच काम करतो.
रविवारी फोनवर म्हणतो, तुझं बरंय, तू घरीच.
मी म्हणते, होय रे, घरीच.
तो मक्याच्या पिठाच्या गोळ्याचं सांगतो,
तळहातावर ठेवला कुणीतरी, नको म्हणता येईना;
मी कडक भाकरीचं सांगते, शेंगाचटणीचं.
मग दोघं गप्प बसतो, रेंज गेली असं धरून.

नमुना घ्यायची रीत अशी:
बांधापासून लांब, झाडाखाली नको, उकिरड्याजवळ नको.
वीतभर खड्डा, कडेची माती वरून खाली खरवडायची.
आठ ठिकाणची एकत्र, गोणपाटावर.
चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे,
पुन्हा मिसळायचं, पुन्हा चार, पुन्हा दोन टाकायचे,
अर्धा किलो उरेपर्यंत.
टाकलेली माती निंगव्वा ओंजळीनं रानात परत नेते,
उसनी गेलेली घरी आल्यासारखी.

तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली होती, पहिल्याच दिवशी.
थुंकली. "उप्पु."
मग माझ्याकडं बघून, माझ्यासाठी, "खारट."

चिठ्ठीवर रकाना: शेतकऱ्याचे नाव.
नवऱ्याचं नाव ती घेईना, पोरीला सांगायला लावलं.
बसगोंडा. इचलकरंजीत मागावर असतो, सणाला येतो.
मी पेन टेकवलं, आणि विचारलं, पेरतं कोण?
ती.
रात्री दोनला लाईट येते तेव्हा मोटरीवर कोण जातं?
ती हसली. हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे.
मी लिहिलं: निंगव्वा बिराजदार.
नियमात बसतं का माहीत नाही. पेन माझं होतं.

तीन आठवड्यांनी जतहून कागद आला.
सामू आठ पूर्णांक सहा. नत्र कमी. क्षार जास्त.
जिप्सम टाका, ताग गाडा.
मी सगळं वाचून दाखवलं, खाणाखुणांसकट.
ती म्हणाली, हे मी थुंकून सांगितलेलं की.

खरंच सांगितलं होतं.
मी पिशव्या आवरायला लागले.
पण कागद तिच्या हातातून सुटेना.
बोट वरच्या ओळीवर. हे काय?
तुझं नाव.
छापलेलं?
छापलेलं.
तिची शाळा चौथीपर्यंत, कानडी. ही अक्षरं अनोळखी.
तिनं पोरीला हाक मारली, वाचायला लावलं,
माझ्यावर भरवसा नव्हता असं नाही,
पोरीच्या आवाजात हवं होतं.
दोनदा.

सोमवारी फाट्यावर अकरा बाया.
हातात माती: साखरेच्या पुड्यात, युरियाच्या पिशवीत,
एकीची पोराच्या कंपासपेटीत.
आठ ठिकाणची कुणीच आणली नव्हती.
मल्लव्वाची तर दारच्या तुळशीतली, वर मंजिऱ्यांसकट.
गौरव्वाला शेतच नाही, तिनं उंबऱ्यापुढची खरवडलेली.
प्रयोगशाळेतले ढोबळे विचारणार,
तुळशीचा गट नंबर काय हो मॅडम?

नियमाला कानडीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं.
साकु, साकु, म्हटलं मी. कुणी ऐकलं नाही.
चिठ्ठ्या काढल्या, गुडघ्यावर वही ठेवली,
नाव सांगा. नवऱ्याचं नको, तुमचं.
एकेक जण आधी इकडंतिकडं बघायची.

दुपार कलली तरी सात उरल्या होत्या.
मागून निंगव्वानं विचारलं, ऊटा आयता?
आयतु, मी ठोकून दिलं.
तोवर ती फडकं सोडत होती.