मोजणी

हर्णैच्या जेटीवर लिलाव चढला,
की पाळणाघरात सहा पोरं,
सहाही नाकं वाहती.
शेंबडाला मी भीत नाही.
पुसते, हात धुते,
खेळण्यातली होडी साबणात बुडवते.

पण आज अन्वी गप्प.
पेजेचा चमचा ओठावरच राहिला.
झबलं वर केलं:
प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा,
लाट मागे सरताना
टाचेखालची वाळू खचते तसा.
घड्याळ धरून मोजले.
मिनिटाला अठ्ठावन्न.

हेमांगी बांगडे मोजत होती,
पाच-पाचच्या फडीने.
मीच टोपली बाजूला सारली.
"ऊठ, रिक्षा थांबवलेय."

रात्री फोन, दापोलीहून:
ऑक्सिजन लावलाय. झोपलीय.
"श्वास किती गं?"
पलीकडे थोडं थांबून,
"थांब हां,
मोजते."